वर उजवीकडचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे आणि माझ्यावर सांडलेल्या चहाच्या थेंबाला बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी ‘महत्त्वाचा शोध’ म्हटले आहे. आता हे विसरून जा. असे काही घडलेच नाही, असे आमच्या विभागात सर्वानुमते ठरले आहे. त्यामुळे आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू.

एकाच ताग्यातून आम्ही दोघे भाऊ कापले गेलो. थोरला सिनेमागृहात लागला. त्याच्यासमोर माणसे रडतात, शिट्ट्या मारतात, काळोखात एकमेकांचा हात धरतात. मी लागलो भौतिक रसायनशास्त्राच्या चर्चासत्राच्या खोलीत. माझ्यासमोर माणसे पेंगतात. मला भावाचा हेवा वाटत नाही. त्याला एकदा तरी उंदराने कुरतडावे, एवढेच वाटते.

दर आठवड्याला एक संशोधक विद्यार्थी माझ्यासमोर उभा राहायचा. रेणू किती वेगाने हलतात, द्रव कधी गोठतो, हे आलेख दाखवून सांगायचा. सगळे आलेखाकडे बघायचे. माझ्याकडे कोणीच नाही. आपण दिसलो नाही तरच आपले काम चांगले, अशी ही नोकरी.

मग एकदा विभागप्रमुख हातात चहाचा कप घेऊनच वादाला उठले. “असं कसं होईल?” म्हणत त्यांनी हात उडवला आणि एक थेंब माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यात येऊन बसला. “पुसू नका, वाळला की जाईल,” असे ते म्हणाले. ते बाष्पीभवनातले तज्ज्ञ आहेत. डाग अजून आहे.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. त्यानंतर प्रत्येक आलेखात एक बिंदू माझा असे. रेणूच्या चित्रात एक अणू जास्त असे. हळूहळू प्रथाच पडली. बोलायला उभा राहणारा आधी नमस्कार करी आणि लगेच म्हणे, “वर उजवीकडचा ठिपका पडद्याचा आहे.” मार्गदर्शकांचे आभार शेवटी मानत. माझे नाव पहिले!

मग तो आला. टीव्ही. शेजारच्या भिंतीवर, काळा, चकचकीत, स्वतःच्याच उजेडावर खूश. प्रमुख स्वतः त्याला मऊ फडक्याने पुसत. इतक्या वर्षांत मी फडके पाहिले ते एकदाच, तेही खिडकीकडे निघालेले. मला गुंडाळून छताजवळ ठेवले. गुंडाळलेल्या अवस्थेत मत्सर फार दाट होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्याकडे एक संशोधक मुलगी होती. थंड द्रवांवर काम करायची, बारा महिने स्वेटर घालायची, म्हणून सगळे तिला ‘उणेवीस’ म्हणत. तिचे शेवटचे भाषण आले. परीक्षकबाई हो म्हणाल्या तर प्रबंध, नाही म्हणाल्या तर पुन्हा वर्षभर प्रयोगशाळेतल्या फ्रीजसमोर. तिच्या आईने तर फोनवर “कधी संपणार?” हे विचारणेही सोडून दिले होते. उणेवीसने सगळी तयारी टीव्हीसमोर केली. मी वरून ऐकत होतो आणि आतल्या आत सुरकुतत होतो.

ऐन वेळी टीव्ही स्वतःला अद्ययावत करू लागला. पाच टक्के. सहा टक्के. पुन्हा पाच टक्के. शेवटी मला खाली ओढले.

उणेवीसने नमस्कार केला, पण ठिपक्याचे वाक्य विसरली. टीव्हीला डाग नव्हता, तिची सवयच मोडली होती. आलेख आला. सगळे बिंदू एका सरळ रेषेत आणि वर उजवीकडे, एकटा, दिमाखात, मी.

“हा एकटाच वर कसा गेला?” परीक्षकबाईंनी विचारले.

तिने पाहिले. भीतीच्या भरात तिला तो आपलाच वाटला. “मॅडम, तिथे रेणू... जोड्या करत असावेत,” ती म्हणाली आणि सुटलीच. जोड्या का जमतात, कशाने तुटतात, सगळे सांगितले. मागच्या बाकांवर सगळे एकमेकांना कोपराने ढोसत होते. तिचे मार्गदर्शक सर खोकून खोकून लाल झाले.

“अहो, हा तर महत्त्वाचा शोध आहे,” बाई म्हणाल्या. “बाकीचे बिंदू राहू द्या, याच्याबद्दल बोला.”

माझा ऊर भरून आला. मला ऊर नाही, तरीही.

मग शेवटचे चित्र आले. आभार. सगळ्या गटाचा फोटो आणि बरोबर सरांच्या नाकावर तो बिंदू.

“इथेही जोडी जमली वाटतं?” बाई म्हणाल्या.

उणेवीस माझ्याहून पांढरी पडली. “मॅडम, तो पडद्याचा आहे. चहा सांडलाय. मी घाबरले आणि बोलत सुटले.”

“आणि बाकीचे?”

“ते माझे आहेत.”

“त्यातला कुठला खटकतो तुला?”

“डावीकडून तिसरा,” ती लगेच म्हणाली. “फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं. म्हणून तो पुन्हा पुन्हा मोजला. तिथेच येतो.”

बाईंनी आलेख पुन्हा लावायला सांगितला आणि तो तिसरा बिंदू निरखून पाहिला. “लिही प्रबंध,” त्या म्हणाल्या. “आणि चहा मागवा. पण लांब बसून पिऊ.”

ती बाहेर जाऊन आईला फोन करताना रडली. माझ्या भावासमोर रडतात तशीच. पण मित्रांनो, ते रडणे त्या तिसऱ्या बिंदूसाठी होते, माझ्यासाठी नव्हे. त्या किरकोळ बिंदूवर माझा अजून राग आहे.

आता मी कपाटामागे उभा असतो. टीव्ही शंभर टक्के झाला आहे. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, मित्रांनो. त्यांना अधूनमधून पुसा. मला मात्र पुसू नका.

सबब, विभागप्रमुखांना नम्र विनंती करण्यात येते की, सदर टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चहाचा एक थेंब तातडीने सांडण्यात यावा आणि कोणत्याही भाषणात त्याचा उल्लेख होणार नाही, याची दक्षता घेण्यात यावी.

सोबत : नमुना डाग, एक.