ब्रेकचं भांडण

"ही बस आज बाहेर जाणार नाही," डेपोत चाकापाशी उकिडवा बसलेला तपासनीस मेकॅनिकला म्हणाला. "ब्रेक लागत नाहीयेत. पुन्हा बसव."

"चारचौघांत माझ्या कामात खोट काढू नका, भाऊजी."

"इथे भाऊजी नाही."

मान वर करायचीही सवड मिळाली नाही. लोखंडी पाना गालफडावर बसला. तपासनीस आडवा झाला तसा मेकॅनिक, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, छातीवर बसून मारतच सुटला. दोन दात घशाशी गेले. डाव्या डोळ्यात काहीतरी फुटलं. चौघांनी ओढलं तेव्हा कुठे पाना खाली पडला. मेहुणा धापा टाकत रडत होता.

डोळा गेला. जबडा तारेने बांधावा लागला. बरा होऊन तपासनीस डेपोत परत गेला, पण पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी हातून पाना निसटून फरशीवर आदळला आणि तो भिंतीला चिकटून उभा राहिला. पँट ओली झाली होती. त्यानंतर तो घरीच बसला.

त्याने डेपोवर लावलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यात डेपोचा वकील एकच मुद्दा धरून बसला होता. सासऱ्यांच्या घराच्या वाटणीवरून तपासनीस आणि मेहुण्याचं आधीच वाजलं होतं, मेहुण्याने तेव्हा याचा गळाही धरला होता. म्हणजे हा घरगुती वाद, नोकरीशी त्याचा संबंध नाही, डेपोने भरपाई द्यायचं कारण नाही.

साक्षीला तपासनिसाची बायको उभी राहिली. मागच्या बाकावर तिचा भाऊ बसला होता, जामिनावर सुटलेला.

"घरावरून भांडण झालं होतं ना, बाई?" वकिलाने विचारलं.

"झालं होतं. मीच मिटवलं. माझा हिस्सा त्याला सोडून दिला."

"मग राग कशाचा?"

 तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला होता.

"काल हा घरी आला होता. म्हणाला, ताई, ब्रेकचं नाव काढू नकोस. घरचं भांडण ठरलं तर डेपोचे साहेब मला कामावर परत घेणार आहेत. मी नाही म्हटलं."

बाक उलटला. मेहुणा तिच्या अंगावर धावून आला. तपासनीस मध्ये कसा गेला, त्याचं त्यालाही कळलं नाही. बुक्की त्याच्याच तोंडावर बसली, ओठ फाटला, तरी तो हलला नाही.

"हो, ब्रेकवरूनच मारलं," शिपायांच्या हातात झटापट करत मेहुणा ओरडला. "रोज माझ्या कामात खोट काढायचा हा. आणखी मारायला हवा होता."

न्यायाधीशबाईंनी लेखनिकाकडे पाहिलं. तो लिहून घेत होता. वकील खाली बसला.

दावा मंजूर झाला. नवरा-बायको बाहेर आली तेव्हा मेहुण्याला बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवलं होतं. जाळीमागून तो इतकंच म्हणाला, "ताई, पाणी."

शिपायाने दार किलकिलं केलं. तिने पिशवीतून बाटली काढली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाला लावली. तो घटाघट प्यायला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पुसलं. 

परत येऊन तिने बाटलीचं तोंड रुमालाने पुसलं आणि नवऱ्यापुढे धरली. तपासनिसाने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. मग जबडा उघडेल तेवढा उघडला आणि उरलेलं पाणी तो सावकाश प्यायला.