उर्सुला मिसची मातृभाषा

माजिवड्याच्या त्या मराठी शाळेत कुणालाही विचारा, उर्सुला मिसची मातृभाषा कोणती? इंग्रजी! अहो, ख्रिश्चन बाई, फ्रॉक घालते, मुलगा ट्रेव्हर कॅनडात, म्हणजे इंग्रजीच की! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

खरं सांगायचं तर शाळेत जाईपर्यंत उर्सुलाने इंग्रजीचा शब्द ऐकला नव्हता. घरातली सगळी भातशेतीत राबणारी, बोलणं गावच्या बोलीतलं. सिस्टरांच्या शाळेत तिनं इंग्रजी रडत रडत घोकलं आणि पुढं त्यावरच जन्मभर पोट भरलं. लोकांचा गैरसमज तिनं कधी खोडला नाही. कशाला खोडायचा? नोकरीत मान मिळत होता.

मग ती रिटायर झाली, नवरा मार्सेल गेला, आणि घर असं गप्प झालं की दूधवाला आला तरी ती उगाच दोन वाक्यं जास्त बोलायची. शाळेनं मात्र तिला आठवड्यातून एक तास दिला होता. सहावीच्या मुलांनी घरी ऐकलेली गोष्ट घरच्याच भाषेत सांगायची, मग सगळ्यांनी मिळून ती इंग्रजीत करायची. कुणी आगरी, कुणी मालवणी, कुणी थेट बीडकडची मराठी. मध्येच मिस आपल्या बोलीत घुसली की पोरं खिदळायची. पोळीभाजी केंद्रवाल्या मालनची सान्वी तर तास संपला तरी थांबायची नाही; नाक्यापर्यंत मिसचा हात धरून बडबडत यायची. स्वतःच्या भाषेत बोलायला उर्सुलाला तेवढाच एक तास होता, आणि आता त्याच्यावरच गदा आली होती.

शनिवारी पालकसभा भरली. इंग्रजी शिकवायला एक कंपनी आणायची होती. कंपनीचा राकेश टाय लावून आलेला. "वर्गात फक्त इंग्लिश. दुसरा एक वर्ड नाही. गोष्टी वगैरे आउटडेटेड झाल्या. मुलाखत कशी द्यायची, कस्टमरशी कसं बोलायचं, हे शिकवू."

"निदान कविता तरी ठेवा," मैथिली टीचर म्हणाल्या.

"कवितेवर जॉब मिळतो का, मॅडम?" मागून एक बाप ओरडला. दुसऱ्याला ग्रामर हवं होतं. जो तो आपलं घोडं पुढं दामटत होता.

उर्सुला उठली. "गोष्टीचा तास काढू नका. आपल्या भाषेत ज्याला नीट सांगता येतं, तोच दुसऱ्या भाषेत सांगू शकतो."

मालन उभी राहिली. हाताला अजून पीठ होतं, दुकान तसंच टाकून आली होती. "मिस, राग मानू नका. आमची भाषा घरी आहेच की. शाळेत पाठवून परत तीच कशाला ऐकायची? आणि तुम्हीच सांगा, ट्रेव्हरशी तुम्ही घरात काय बोलायचात? इंग्रजीच ना? म्हणून पोचला तो तिकडं. तुम्ही आंबा खाल्ला आणि आम्हाला कोय दाखवता होय?"

हॉल हसला. टाळ्याही पडल्या. उर्सुलाचा चेहरा उतरला, पण ती बसली नाही.

"बोलायचो," ती म्हणाली. "मार्सेलनं फर्मानच काढलेलं, पोरासमोर इंग्रजीच. माझ्या सासूला ते येत नव्हतं. तिनं नातवासमोर तोंडच मिटलं. मलाही इंग्रजी कुणी घरी दिलं नव्हतं, बरं का. मी बोलीतलीच बाई. गेल्या वर्षी डेंग्यूनं हॉस्पिटलात होते. तापात काय बोलत होते मला ठाऊक नाही. ट्रेव्हर व्हिडिओवर होता. घाबरून डॉक्टरांना म्हणाला, आई काहीतरी बरळतेय, मेंदूला काही झालंय का? डॉक्टर म्हणाले, नाही हो, त्या पेज मागतायत. 'आये, मना पेज दे गो,' एवढंच म्हणत होते मी. माझ्या पोटच्या पोराला ते कळलं नाही. मालन, घरी आहे म्हणतेस ना भाषा? ती घरी राहत नाही गं."

मालनने पदराने डोळे पुसले. उर्सुलाला वाटलं, पटलं हिला.

"पण गेला ना तो, मिस?" मालन हळूच म्हणाली. "माझं म्हणणं सान्वीला नाही कळलं तरी चालेल मला. मी राहीन उपाशी. ती तिथं पोचली पाहिजे."

ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथं तर दोघींचंही जळत होतं. उर्सुला खाली बसली. कंपनीच्या बाजूनं हात वर झाले, जवळजवळ सगळे.

सभा मोडल्यावर मुख्याध्यापक म्हात्रे सर मायेनं जवळ आले. "मिस, तुम्ही नाराज होऊ नका. कंपनीला शिकवायला इथलंच कुणी हवंय, नवे तास तुम्हीच घ्या. तुमची तर मातृभाषाच!"

आत्ताच तर भर सभेत सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! 'नाही' असं अगदी जिभेवर आलं. पण नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात बोलायचं कुणाशी?

"येते, सर," ती म्हणाली.

गेटवर सान्वी आईची वाट बघत उभी होती. मिस दिसताच धावली. "मिस, काल ना आमच्या आजीने—"

मालनने तिचा दंड धरला. "मिसशी आता इंग्रजीतच बोलायचं. रस्त्यातसुद्धा. हो ना, मिस?" आणि अशा आशेनं बघत राहिली, की उर्सुलाने मान डोलावली.

सान्वीने एकदा आईकडे बघितलं, एकदा मिसकडे. बराच विचार करून म्हणाली, "गुड इव्हनिंग, मिस."

"गुड इव्हनिंग, सान्वी."

मग मालनच्या मागून नाक्यापर्यंत मिस आणि सान्वी हात धरून गप्पच चालल्या.