पिवळ्या पियानोतला श्वास

पिवळे पियानो परत यायला लागले तेव्हा आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात आधी सगळे हसले. तक्रारीच तशा होत्या. कुणी म्हणे, खोलीत कुणी नसताना खेळण्यात बाई श्वास घेते. कुणाच्या सासूबाईंनी पियानो बादलीत बुडवून ठेवला होता म्हणे. आमच्या मुकादमाला आम्ही बायका पाठीमागे भोंगा म्हणतो. त्याने खोकी माझ्या टेबलावर आदळली आणि म्हणाला, "घ्या बाई, तुमची बहीण आली माहेरपणाला."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. जीभ चावली त्याने.

"असू दे," मी म्हटलं. "ठेव तिकडे."

आवाज माझ्या धाकटीचाच होता. ती पॅकिंगला बसायची आणि दिवसभर गुणगुणायची. तान्ह्यांच्या पियानोत बाईचा मायाळू आवाज हवा असं ठरलं, तेव्हा भोंग्याने तिलाच मालाच्या खोलीत नेलं, यंत्रांची घरघर येऊ नये म्हणून डोक्यावरून रजई घातली आणि हातात माइक दिला. ही गाय, ही बकरी, शाब्बास, सगळं ती रजईतून बोलली. घामाने निथळत बाहेर आली नि म्हणाली, "ताई, याच्यापेक्षा बाळंतपण परवडलं गं." तिची ठकी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

या पियानोची एक खोड आहे. बटणं दाबत राहिलं की तो हंबरतो, गाणी वाजवतो. पण थोडा वेळ कुणी हात लावला नाही, की तोच मुलाला हाक मारतो. त्या हाकेआधी धाकटीने रजईत गुदमरून एक लांब श्वास घेतला होता. दुसरीकडे कुठे तो कुणीतरी रेकॉर्डिंगमधून कापला असता. आमच्याकडे ऐकून बघणाऱ्या आम्हीच. शेजारी बसून तिचा श्वास रोज ऐकलेल्या. कुणाला खटकलाच नाही. तसाच तो घरोघर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ, "कुठे गेलं माझं बाळ? ये ना."

पुढे तापाचं निमित्त झालं आणि धाकटी गेली. ठकी तेव्हा भिंतीला धरून चालत होती.

आता हुकूम असा, की परत आलेल्या पियानोतला जुना बोर्ड काढायचा आणि नव्या बाईच्या आवाजाचा बसवायचा. नवी बाई छान बोलते. श्वास मात्र घेतच नाही, जगते कशी कोण जाणे. मी डाख वितळवून धाकटीला बाहेर काढायची आणि डब्यात टाकायची. डबा भरत आला तसं मला राहवेना. एक पियानो न उघडताच पिशवीत घातला. "मी बघितलं नाही," भोंगा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ठकीचे बाबा बस चालवतात. माझी पाळी सकाळची, त्यांची दुपारची. ठकी आम्ही अशी वाटून घेतलेली. दुपारी तिला सोडायला आले आणि पियानो बघून उंबऱ्यातच थबकले.

"ताई, हे घरात नको."

"अहो, तुमच्या बायकोचा आवाज आहे. भूत नाही काही."

"तेच म्हणतोय मी."

"एवढ्याशा पोरीला काय आठवणार? बडवेल नि टाकून देईल."

ते ठकीला खाली ठेवून गेले. ठकीने खरंच गाय बडवली, बकरी बडवली आणि कंटाळून वाटी-चमच्याकडे वळली. मी भांडी घासत होते. मागून श्वास आला. माझ्या हातातली कढई निसटली.

शब्द अजून यायचेच होते. ठकी वाटी टाकून उठली, थेट उघड्या दाराशी गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. 'घे' म्हणताना मुलं करतात ना, तशी. समोर नुसता जिना. पण मान वर करून ती जिथे बघत होती, ती उंची धाकटीच्या चेहऱ्याची. मी तिच्याहून वीतभर उंच. मला कळतं.

"कुठे गेलं माझं बाळ? ये ना," पियानो म्हणाला. आवाज मागून येत होता आणि पोर पुढे बघत होती.

दाबलं की आई गप्प, सोडलं की येते, हे तिने लवकरच ओळखलं. मग ती पियानोला शिवेना. लांब, हात पाठीशी धरून बसायची. दुधाचा पेला पुढे केला की तोंड मिटायची. कडेवर घेतलं तर अंग ताठ करून माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायची. बाबांची पावलं वाजली की नाचत जाणारी पोर, आता ते आले की बाजूला सरकून त्यांच्या मागून कोण येतंय ते बघे.

"ताई," सुट्टीच्या दिवशी ते म्हणाले, "ही हातातून चाललीय आपल्या."

मी पियानो पालथा घातला. "बोर्डच बदलते. नव्या बाईला बसवते."

"बदलू नका. नुसते सेल काढा."

"त्याने काय होणार?"

"गप्प बसेल. पण असेल ना."

"तुम्हीच नको म्हणत होतात की!"

"तेव्हा ऐकलं नव्हतं मी."

मी सेल काढले. पियानो दोघांच्या मध्ये जमिनीवर राहिला. भर दुपार, जिन्यात ऊन. ठकी नेहमीसारखी हात पाठीशी धरून बसलेली. आम्ही बसच्या गप्पा मारल्या, भोंग्याच्या मारल्या. म्हटलं, विसरेल.

ठकी उठली.

सेल माझ्या मुठीत होते. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती दाराशी गेली, हात वर केले, मान त्याच उंचीला. मग वळून तिने आमच्याकडे पाहिलं, जसं काही आम्हीच बहिरे.

ठकीचे बाबा उठले. तिच्या बाजूने बाहेर गेले, ती बघत होती बरोबर तिथे जाऊन तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. उंच माणूस. गुडघे वाकवत वाकवत चेहरा तिच्या नजरेत आणला.

"मी चालेन का गं?" त्यांनी विचारलं.

ठकी बराच वेळ बघत राहिली. त्यांचे गुडघे थरथरायला लागले, पण ते हलले नाहीत. मग वर धरलेले हात हळूहळू त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी तिला उचललं. तिने मान टाकली, अंग सैल सोडलं.

तरी ते लगेच आत आले नाहीत. तिला छातीशी धरून भिंतीला चिकटून उभे राहिले, जिन्यात कुणी समोरून आलं की आपण वाट देतो तसे.

मीही उंबऱ्याकडे पसरलेले पाय आवरून घेतले.