गाळून दिलेली गोळी

"आई औषध देत नाही." सान्वीच्या फाइलवर लाल शाईने लिहिलेलं हे वाक्य वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी शालन. तीस वर्षं नर्स होते, आता रिटायर. ठाण्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलतर्फे कल्याण-डोंबिवलीतल्या थॅलेसेमियाच्या पोरांची औषधं नीट चालू आहेत ना, ते बघते. या पोरांना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह अंगात साठतं. ते काढणारी गोळी रोज द्यावीच लागते, नाहीतर ते लिव्हरवर, हृदयावर जातं. सान्वी सात वर्षांची. तिच्या रिपोर्टात लोह सलग तिसऱ्यांदा वाढलेलं. ट्रस्टचा नियम असा, की तीन रिपोर्ट बिघडले की फुकटची गोळी बंद, ती वेटिंगवरच्या दुसऱ्या पोराला. सोमवारी सान्वीचं नाव कापणार होते.

मोठे डॉक्टर तिच्या आईला, अमृताला, सगळ्या ओपीडीसमोर म्हणाले, "खोटं बोलू नका. गोळी पोटात गेली असती तर आकडा उतरला असता." अमृता मान खाली घालून उभी. अहो, त्या बाईने पोरीच्या आजारपणापायी कंपनीतली नोकरी सोडलीय! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

रविवारी सकाळी सातलाच मी कल्याणजवळच्या मोहने गावात तिच्या चाळीत धडकले. "अगं, माझ्यासमोर दे गोळी," म्हटलं.

"शालनताई, तुमचाही विश्वास नाही ना?"

"विश्वास आहे म्हणून तर आलेय. दे."

तिने गोळी ग्लासातल्या पाण्यात टाकली, चमच्याने ढवळली. पाणी पांढरं झालं. मग दांडीवरचं धुतलेलं सुती फडकं काढलं, दुसऱ्या ग्लासावर ताणलं आणि सगळं गाळलं. फडक्यात पांढरा लगदा राहिला. तो तिने नळाखाली धुऊन टाकला. सान्वी गाळलेलं पाणी घटाघटा प्याली आणि खेळायला पळाली.

"अगं बाई! हे काय केलंस?"

"गाळ काढला. काढ्याचा नाही का काढत? तो भुगा घशात अडकला की ही ओकते, मग गोळी फुकट जाते. सासूबाई म्हणाल्या, गाळून दे. तेव्हापासून वर्ष झालं, एकदाही ओकली नाही." अभिमानाने सांगत होती बिचारी.

मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ही गोळी पाण्यात विरघळत नाही, नुसती सुटी होते. औषध म्हणजे तो गाळच. ग्लासाच्या तळाशी राहिलेलंसुद्धा पाण्याने विसळून पाजायचं असतं. वर्षभर औषध मोरीत गेलं आणि पोरीला मिळालं नुसतं गढूळ पाणी.

गोळीसोबतच्या कागदावर हे सगळं होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते म्हणे हिने वाचायचं!

सोमवारी अमृताला घेऊन मी ठाणं गाठलं. डॉक्टरांच्या टेबलावर ते फडकं आपटलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी फडकं उलटून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे, नाव ठेवतो. आईच्या अज्ञानामुळे औषध वाया गेलं, असं लिहितो."

"अज्ञान? कसलं अज्ञान, सर? काढा गाळायचा असतो हे तिला ठाऊक आहे. ही गोळी गाळायची नसते, हे तिला सांगायचं कोणी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, यांना दर आठवड्याला फोन कोण करत होतं?"

मी. दर शनिवारी मीच. "दिली का गं?" "हो ताई" म्हटलं की रजिस्टरात खूण, पुढचा नंबर. अशी बावीस घरं माझ्याकडे. कशी दिलीस, हे एकदाही विचारलं नाही. घरी गेले तेव्हाही रिकामी पाकिटं मोजली, चहा प्यायले, निघाले. उंटावरून शेळ्या हाकल्या मेल्या! आणि डॉक्टरांवर तोंड टाकायला गेले होते मी! लाज वाटली, आणि स्वतःचाच संताप आला.

मी फाइल ओढली. लाल वाक्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, "आईने एक दिवसही चुकवला नाही. औषध कसं द्यायचं ते आम्ही सांगितलं नाही." सही केली आणि फाइल डॉक्टरांपुढे सरकवली.  त्यांनीही खाली सही केली.

अमृताने ते वाचलं. "डॉक्टर, वर्षभर साठलेलं आता निघेल?"

"बरंचसं निघेल. वेळ लागेल."

"आणि जे बिघडलं असेल ते?"

डॉक्टरांनी फाइल मिटली, मी खुर्चीत टेकले. मला वाटलं, आता ही रडेल. रडली नाही. पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, "बाकीच्या एकवीस जणी कशी देतात, ते बघितलंत का ताई? नाही ना? मग बसलात काय, उठा!"

मी उठले.