भाऊजींची साक्ष

श्रीधरभाऊजी गेल्यावर पहिली प्रार्थना ताईच्या घरीच ठेवायची, असं मंडळी चालवणाऱ्या चंपतरावांनी ठरवलं. येशूच्या प्रार्थनेला जमणाऱ्या त्या मंडळीत तशी पद्धत होती. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे सगळे गुरुवारी जमत, गाणी म्हणत आणि शेवटी घरचं कोणी उभं राहून साक्ष देई, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगे. ताईनं सांगायचं होतं की तिला शांती मिळाली.

"मले नाही मिळाली," दुपारी तांदूळ निवडताना ताई म्हणाली. "खोटं बोलू का वं?"

"नको बोलूस."

"अन् हे लोक तुटले तं? माझं दुसरं कोण आहे?"

 आई-वडील केव्हाच गेलेले. भाऊजींना क्षय झाला म्हटल्यावर सख्खी मावशी सीताबर्डीहून आली ती तोंडाला पदर लावून, आणि केळी उंबऱ्यावर ठेवून परत गेली. घरमालकानं नळाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसांत मंडळीतल्या यमुताई रोज दोन घागरी पाणी आणत आणि भाऊजींचा थुंकीचा डबा राखेनं घासत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊजी लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशिनीवर कामाला होते. खोकला लाकडाच्या भुशाचा आहे, असंच आम्ही धरून चाललो होतो. बी.एस्सी. झाल्यावर मी रामदासपेठेत एका प्रयोगशाळेत लागले होते, म्हणून त्यांची थुंकी मीच तपासली. निळ्या काचेवर क्षयाच्या जंतूंचे, लाल काड्यांचे पुंजके दिसले. औषध सुरू झालं; त्या काळी ते दीड वर्ष घ्यावं लागे. काही महिन्यांनी काड्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मी म्हटलं, "दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही, भाऊजी. दीड वर्ष गोळ्या घ्यायच्याच."

त्यांनी मान हलवली. अंगावर मांस आलं होतं, जिना न थांबता चढत होते. पुढच्या गुरुवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, प्रभूनं मला बरं केलं. बायका रडल्या. चंपतरावांनी त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी घेतली नाही.

मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "चारचौघांत म्हटलं का बरा झालो. आता घरी येऊन गोळी गिळू? मग फसवून कोणाले राहिलो मी, मंडळीले का देवाले?"

"औषध सोडा असं म्हटलं का कोणी?"

"नाही. कोणी काहून म्हणंल?"

ते खरं होतं. चंपतरावही तसं म्हणाले नव्हते. त्यामुळे पुढे मला रागवायला माणूसच सापडेना. खोकला परत आला तो भाऊजींनी ताईपासूनही लपवला. रक्त पडल्यावर गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण आता काचेवरच्या काड्या त्या गोळ्यांना जुमानत नव्हत्या.

गुरुवारी सतरंजी भरून माणसं बसली. गाणी झाली. चंपतराव म्हणाले, "शामला, बोल बेटा."

ताई उभी राहिली. "मले शांती नाही मिळाली," ती म्हणाली. "त्यायनं साक्ष देल्ली, अन् ते खोटी पडू नये म्हणून गोळ्या सोडल्या. मी रोज डबी उघडून पाहो. भरलीच राहे. आता प्रार्थनेले बसतो तं तोंडातून शब्द नाही निघत. एवढंच सांगाचं होतं."

 चंपतरावांनी घसा साफ करून गाणं सुरू केलं. एक ओळ ते म्हणत आणि दुसरी सगळे उचलत. दुसरी कोणी उचलली नाही. ती त्यांनी एकट्यानंच म्हटली आणि ते थांबले.

"पाणी दे वं जरा," यमुताई मला म्हणाल्या. बायबलच्या पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली, गोळी जिभेवर ठेवली आणि सगळ्यांसमोर पाणी प्याल्या. "बीपीची. चक्कर थांबली म्हणून साक्ष देल्ली होती न मी? हे रोज घेतो. मोरीत जाऊन."

"माझी साखरेची आहे," कोपऱ्यातून कुसुमताई म्हणाल्या. "पिठाच्या डब्यात ठेवतो."

"म्हणून तुमच्या पोळ्या गोड लागतात," कोणीतरी म्हटलं आणि दोघं-तिघं हसले.

"तुमची कोणती हो, चंपतराव?" यमुताईंनी विचारलं.

चंपतराव सतरंजीकडे पाहत राहिले. "दम्याची."

ताई हसली नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. "तुम्ही सगळेच घेत होते?"

यमुताईंनी मान हलवली.

"मंग त्यायलेच काहून नाही सांगितलं?"

यमुताई तिच्याजवळ सरकल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. ताईनं तो ओढून घेतला. त्यांनी पुन्हा धरला. बाकीचे हळूहळू उठून गेले. यमुताई आणि कुसुमताई मात्र गेल्या नाहीत. कुसुमताईंनी न विचारता स्टोव्ह पेटवला, आणि आम्ही चौघी जेवलो. ताईनं पानातला भात टाकला नाही.

मला वाटलं, आता ती प्रार्थनेला जाणार नाही. पुढच्या गुरुवारी तिनंच चप्पल घातली.

"जायचंय?" मी विचारलं.

"मी काहून घरी बसू? लाज त्यायले वाटू दे."

त्या गुरुवारी प्रार्थना कुसुमताईंच्या घरी होती. बायबलशेजारी पाण्याचा तांब्या आणि पेले मांडलेले होते. एकमेकांकडे न पाहता सगळ्यांनी गोळ्यांच्या पुड्या काढल्या. ताई उठली आणि एकेकाला पाणी देत गेली. चंपतरावांपुढे ती थांबली.

"गिळली का?"

"हो बेटा."

"तोंड दाखवा."

पांढऱ्या केसांच्या त्या माणसानं तोंड उघडून दाखवलं.

मग गाणी झाली, चंपतराव प्रार्थनेला बसा म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. ताईचे ओठ बराच वेळ नुसते हलत होते.

"प्रभू," ती म्हणाली, "तुले तं दिसत होतं न, कोण गोळी घेते अन् कोण नाही."

पुढचं वाक्य येईल म्हणून सगळे थांबले. ते आलं नाही.

"आमेन," यमुताई म्हणाल्या.

ताईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती पेले गोळा करू लागली.