चोळीची पट्टी

"आक्का, ओटीचे तांदूळ द्या," सुप्रिया उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. नजर खाली.

पारूबाईनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. वेल्ह्याच्या डोंगरातल्या या वाडीत जत्रेच्या दिवशी देवीची पहिली ओटी पाटलीणबाईनं भरायची, आणि तीही चोळीच्या पट्टीत पिकलेल्या भातानंच. ओढ्याकाठची ही शेताची पट्टी कैक पिढ्यांपूर्वी कुणा पाटलिणीला चोळीबांगडीसाठी मिळालेली. तिच्यावर पुरुषानं हक्क सांगायचा नाही. जी ओटी भरेल तिनं ती पेरायची. पारूबाईला हा मान सासूकडून आला होता. पण दिवाळीत तिचे मालक, रायबा, गेले, आणि काल धाकट्या दिरानं, चिमाजीनं, चावडीवर सांगून टाकलं की विधवेची ओटी देवीला चालायची नाही, यंदा माझी बायको सुप्रिया भरेल. पट्टी त्याला पुण्याच्या फार्महाऊसवाल्याला विकायची होती, हे सगळी वाडी जाणून होती.

तांदूळ मात्र पारूबाईच्याच घरात होते.

नाही म्हणावं तर देवी ओटीवाचून राहायची. द्यावेत तर पट्टी गेली.

"आक्का, मला लई भ्या वाटतंय," सुप्रिया पुटपुटली.

"मला न्हाई व्हय वाटत?"

देवीला तसंच ठेवायची छाती पारूबाईला झाली नाही. तिनं तांदूळ सुप्रियाच्या ताटात घातले. मग आत जाऊन पट्टीचं बियाणं फडक्यात बांधलं, पदराआड घेतलं, आणि तीही देवळाकडं निघाली.

गुरवानं सवयीनं तिच्याकडंच बघून हाक दिली, "या, पाटलीणबाई." तिचं पाऊल उचललं आणि तिथंच थबकलं. सुप्रिया पुढं झाली. ओटी भरताना तिच्या हातून निम्मे तांदूळ देवीच्या पायाशी सांडले.

ती मागं वळली तेव्हा पारूबाई समोर उभी होती. चिमाजी हाताच्या अंतरावर होता.

"ओटी तू भरलीस, आता पट्टी तू पेरायचीस. ही रीत हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा तिच्यावर हात न्हाई. हे बियानं धर."

"वैनी, गप ऱ्हावा," चिमाजी दबक्या आवाजात म्हणाला.

पारूबाई खांबाला टेकून खाली बसली.

सुप्रियानं नवऱ्याकडं पाहिलं. मग फडकं पदराच्या टोकाला बांधलं, आणि त्यावर आणखी एक गाठ मारली.