वासराच्या पायांची जेली

शामकांत अन्नापुढे तोंड मिटून घेऊ लागल्याला आठवडा झाला होता. स्ट्रोकनंतर त्यांचं गिळणं बिघडलं. पातळ ते श्वासनलिकेत जातं, म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून खळीसारखं दाट करून द्यायचं, असं थेरपीच्या बाई घरी येऊन बजावून गेल्या होत्या. ती खळ चमच्यातून पुढे आली की ते मान फिरवत. वजन इतकं उतरलं की जयवंतीबाई त्यांना एकटीने कुशीवर वळवू लागल्या. माणसाने चार घास खावेत, एवढाच त्यांना ध्यास लागला होता.

एका सकाळी मुलगा धनेश आणि सून चैताली कामावर गेल्यावर ते आपणहून बोलले.

"जया, जेली कर. लॉर्डच्या घरची."

सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या त्या फ्लॅटमध्ये लॉर्डची गोष्ट ठाऊक नाही असं कुणी नव्हतं. चौसष्ट साली बोटीच्या भटारखान्यात लागलेला रत्नागिरीचा पोरगा कावीळ होऊन इंग्लंडच्या बंदरात उतरला आणि पुढची चार वर्षं एका लॉर्डच्या मुदपाकखान्यात राबला. तांब्याचे साचे, अख्खी हरणं भाजायची चूल, साखरेचे राजहंस. आणि लॉर्डची आजारी आई, जिला शेवटी फक्त वासराच्या पायांची जेली चालायची.

"मग?" ऐकणारा विचारी.

"मग काय, मेली," म्हणून शामकांत खो खो हसत.

"बोकडाचे पाय आणते," जयवंतीबाई म्हणाल्या.

"वास मारतात. वासराचेच."

बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी मासे केले, मटण केलं. हे कधी घरात आलं नव्हतं. तरी शेजारच्या मलय बाईंना तासभर बसवून त्या लिटिल इंडियाच्या बाजारात गेल्या. खाटकाने त्यांच्या कुंकवाकडे पाहिलं.

"अम्मा, ये बछड़े का है. मालूम है ना?"

"मालूम है. चार दो, साफ करके."

पाय दिवसभर उकळले. संध्याकाळी चैताली दारातूनच म्हणाली, "आई, कसला हो हा वास?"

"बोकडाचे पाय गं. बाबांना सूप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठलेल्या रसावरची चरबी खरवडून काढली. त्यात साखर, लिंबू, दालचिनी आणि धनेशच्या बाटलीतली उरलेली वाइन घातली. अंड्याचा पांढरा बलक टरफलांसकट फेटून सोडला. सगळी घाण त्या फेसाला धरून वर आली. मग स्टूल उलटं ठेवून त्याच्या चार पायांना नातीचं जुनं फ्लॅनेलचं दुपटं बांधलं आणि रस ओतला. खाली थेंब थेंब पडू लागला. शामकांतांची व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या दारात होती.

जयवंतीबाईंनी दुपट्याला हात घातला, तसे ते ओरडले, "पिळू नको! गढूळ होते. पिळली म्हणून लॉर्डच्या स्वयंपाकीणबाईने पळीने बोटं फोडली होती माझी."

"अहो, संध्याकाळ होईल अशाने."

"होऊ दे. मला कुठे जायचंय?"

दोन तास ते थेंबांकडे बघत बसले. जेली काचेसारखी स्वच्छ उतरली.

त्यांनी वाटीभर खाल्ली. डोळे मिटून, प्रत्येक चमचा जिभेवर धरून.

"जमलंय का हो?"

"लिंबू कमी पडलंय," ते म्हणाले, आणि दुसरी वाटी मागितली. मधे थोडं खोकले. जयवंतीबाईंनी पाठ चोळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. दुसऱ्या दिवशीही दोन वाट्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि छाती घरघरू लागली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, अन्न फुफ्फुसांत उतरलंय, आशा धरू नका.

बाहेरच्या खुर्च्यांवर बसून जयवंतीबाईंनी सुनेला सगळं सांगितलं, पाय कशाचे होते तेही. चैतालीचा चेहरा उतरला.

"जेली? आई, ती तोंडात वितळते. तिचं पाणीच होतं!"

"घट्ट होती गं. चमचा उभा राहत होता."

चैतालीने थेरपीच्या बाईंना फोन लावला. इंग्रजीत बोलणं झालं. तिने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं होतं म्हणे. जेली, आइस्क्रीम, वितळेल ते काहीच नाही. तुम्ही तेव्हा चहा करत होतात." ती अडखळली. "बाबा त्यांना म्हणाले, जेलीचं मला नका शिकवू, मी लॉर्डकडे करायचो."

जयवंतीबाईंनी पदर तोंडावर दाबून धरला. रडू मात्र आलं नाही.

चांगीहून धनेश धावत आला. ऑफिसचं कार्ड गळ्यातच होतं.

"आई, काय दिलंस तू बाबांना?"

चैताली बोलणार, तोच जयवंतीबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"माझंच खूळ, धनेश. ते नको नको म्हणत होते. मी भरवलं."

धनेश ओरडला नाही. आईशेजारची जागा मोकळी होती, तरी तो तीन खुर्च्या सोडून बसला.